रिंग जाते आणि रिंग येते: लँडलाइनची घंटी मुळापासून समजून घेताना

फोन लावणारा म्हणतो, ‘रिंग जातेय.’ ज्याच्याकडे फोन वाजतो तो म्हणतो, ‘रिंग आली.’ लँडलाइनच्या बाबतीत हा बोलण्यातला भेद शब्दशः खरा आहे. जाणारी रिंग म्हणजे कानात ऐकू येणारा एक सूर. येणारी रिंग म्हणजे घंटीची हातोडी हलवण्याइतका दमदार वीजपुरवठा. दोन्ही एक्स्चेंजमधून निघतात, पण वेगवेगळ्या वाटेने जातात आणि एकीचा दुसरीला पत्ता नसतो. ‘मी किती वेळ रिंग दिली, तू उचललाच नाहीस’ आणि ‘अरे, इथे वाजलाच नाही’ असं म्हणणारी दोन्ही माणसं एकाच वेळी खरं बोलत असू शकतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या हातात जुना डायलचा फोन आला आहे आणि तो पुन्हा खणखणावा असं वाटतं, किंवा ज्यांच्या लाइनवर बोलणं नीट होतं पण घंटी वाजत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं असण्याची गरज नाही. एक साधा मल्टिमीटर, एक स्क्रूड्रायव्हर आणि फोन करायला मोबाइल एवढं पुरे. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून धरून ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: लँडलाइनवर हाक मारली जाते एसीने (दिशा सतत उलटत राहणाऱ्या विजेने) आणि ओ दिली जाते डीसीने (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेने). त्याच दोन तारांवर, एकाच वेळी.

पहिली पायरी: हात लावण्याआधी

टेलिफोनच्या तारा निरुपद्रवी असतात असा समज आहे. लाइन शांत असताना कोरड्या बोटांना काही जाणवत नाही, म्हणून तो पक्का होतो. पण नेमक्या त्याच क्षणी कोणी फोन केला, तर तारांवर 75 ते 90 व्होल्टची एसी येते. हा आकडा आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी आहे; लाटेचं शिखर शंभरच्या पुढे जातं आणि लाइनवर कायम असलेले 48 व्होल्ट डीसी त्यात मिळतात. झटका चांगलाच बसतो. शिडीवर उभं राहून जोडणी करताना तो बसला तर विजेपेक्षा पडण्याने जास्त इजा होते. म्हणून तीन नियम पाळा. तार दातांनी सोलायची नाही. ओल्या हातांनी किंवा ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचं नाही. आणि आभाळात गडगडाट असेल तर लाइनला हातच लावायचा नाही, कारण लाइन बाहेर किती लांबून येते ते आपल्याला दिसत नाही. फोन उघडायचा असेल तर आधी तो सॉकेटमधून काढा.

दुसरी पायरी: शांत लाइन मोजा

मल्टिमीटर डीसीच्या 200 व्होल्ट रेंजवर ठेवा आणि दोन टोकं लाइनच्या दोन तारांना लावा. रिसीव्हर जागेवर असू द्या. आकडा 48 च्या आसपास येईल. एक्स्चेंजमधली बॅटरी चार्जरवर असेल तर पन्नाशी ओलांडूनही येतो. हे 48 व्होल्ट येतात शिसं-आम्लाच्या बॅटरीतून: प्रत्येकी 2 व्होल्टचे 24 सेल एकापुढे एक जोडलेले. बॅटरी एक्स्चेंजमध्ये असल्यामुळेच घरची वीज गेली तरी जुना फोन चालू राहायचा. या बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडलेली असते आणि लाइन जमिनीच्या तुलनेत ऋण ठेवतात. जमिनीतल्या ओलाव्यात तांब्याची तार विद्युत-क्रियेने झिजू नये, यासाठी ही उलटी वाटणारी व्यवस्था केली गेली.

आता रिसीव्हर उचलून पुन्हा मोजा. आकडा धाडकन खाली येतो, बहुतेक ठिकाणी 6 ते 10 व्होल्टवर. रिसीव्हर जागेवर असताना फोन डीसीसाठी बंद दारासारखा होता. उचलल्याबरोबर आतला खटका जुळला, दोन तारा फोनमधून एकमेकींना मिळाल्या आणि साधारण 20 ते 50 मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागला. एक्स्चेंज या प्रवाहावरूनच ओळखतं की रिसीव्हर उचलला गेला. त्यासाठी दुसरा कोणताही निरोप पाठवला जात नाही.

व्होल्टेज एवढं का पडतं, तर बाकीचं एक्स्चेंजच्या रोधात आणि वाटेतल्या तारेत खर्च होतं. 0.4 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे 275 ओहम भरतो. त्यामुळे लाइन जितकी लांब तितका प्रवाह कमी. हे लक्षात असू द्या, दोष शोधताना लागेल.

तिसरी पायरी: रिंग येताना पाहा

मोबाइलवरून आपल्याच लँडलाइनला फोन लावा आणि मीटर एसीच्या 200 व्होल्ट रेंजवर ठेवा. इथे नवखे गोंधळतात, म्हणून आधीच सांगतो. स्वस्त मीटर घरातल्या 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं करणाऱ्या विजेसाठी बनवलेले असतात. रिंगची एसी 20 ते 25 हर्ट्झची, म्हणजे त्याहून बरीच संथ. शिवाय रिंग तुटक येते. आकडा स्थिर होईपर्यंत ती थांबलेली असते. त्यामुळे मीटर 40 दाखवतो, मग 62, मग शून्य. याचा अर्थ लाइन खराब आहे असा नाही. उलट काही स्वस्त मीटर शांत लाइनवरही एसीच्या रेंजमध्ये मोठा आकडा दाखवतात, कारण ते डीसी वेगळी काढत नाहीत. रिंग येताना आकडा बदलतो का, एवढंच पाहा.

मला याहून भरवशाचा वाटतो तो छोटा नियॉन दिवा. त्याच्याशी 150 किलोओहमचा रोधक ओळीने जोडा आणि ती जोडी लाइनच्या दोन तारांवर लावा. नियॉन पेटायला साधारण 60 ते 90 व्होल्ट लागतात. 48 व्होल्टवर तो विझलेलाच राहतो आणि रिंग आली की नारिंगी थरथरतो. घंटी नसली, फोन नसला, तरी रिंग तुमच्या दारापर्यंत पोचली की नाही याचं हो-नाहीमध्ये उत्तर मिळतं. लाइनचा दोष की फोनचा, हा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

रिंगचे आकडे सगळीकडे सारखे नाहीत. उत्तर अमेरिकेत 20 हर्ट्झ आणि साधारण 90 व्होल्ट, युरोपात बऱ्याच ठिकाणी 25 हर्ट्झ आणि साधारण 75 व्होल्ट, जपानमध्ये 16 हर्ट्झ. दुसऱ्या देशातून आणलेला जुना फोन कधीकधी नाराजीने वाजतो, त्याचं एक कारण हे.

पण एवढी संथ एसी का? याचं उत्तर जुन्या हँडलच्या फोनात आहे. त्या फोनच्या बाजूला एक हँडल असायचं. ते फिरवलं की आत चुंबकांच्या मध्ये एक गुंडाळी फिरायची आणि एसी तयार व्हायची. माणसाचा हात जेवढ्या वेगाने फिरतो त्याला दातेरी चाकांची जोड दिली की सेकंदाला पंधरा-वीस आवर्तनं होतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी 1878 मध्ये या एसीवर चालणारी ध्रुवित (आत कायमचा चुंबक असलेली) घंटी बनवली. पुढे हँडल गेलं आणि रिंग देण्याचं काम एक्स्चेंजमधल्या जनित्राकडे आलं. पण घराघरांत बसलेल्या घंट्या त्याच चालीच्या होत्या, म्हणून नव्या जनित्रालाही जुन्या हाताचा वेग पाळावा लागला. आज इंटरनेटच्या डब्यातली चिपसुद्धा 20-25 हर्ट्झचीच रिंग देते.

चौथी पायरी: घंटी उघडून पाहा

ही पायरी चुकवू नका. फोन लाइनपासून सोडवा, तळाचे स्क्रू काढा आणि वरचं कवच उचला. धातूच्या दोन वाट्या दिसतील. त्यांच्या मधोमध एक बारीक दांडी, टोकाला छोटी गोल हातोडी. दांडीच्या मुळाशी तांब्याच्या तारेच्या एक किंवा दोन गुंडाळ्या आणि त्यांना चिकटून एक कायमचा लोहचुंबक. बोटाने हातोडी हळूच एका बाजूला ढकला. ‘टिंग.’ दुसऱ्या बाजूला. ‘टांग.’ दोन वाट्यांचे सूर मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात आणि ती जुन्या फोनची ओळखीची भरदार खणखण या दोन सुरांच्या गुंफणीतून येते.

दारावरच्या साध्या विजेच्या घंटीत प्रवाह हातोडीला खेचतो, खेचल्यावर जोडणी तुटते, स्प्रिंग तिला मागे आणते, पुन्हा जोडणी होते. तिथे ठिणगी उडते आणि टोकं काजळतात. फोनच्या घंटीत अशी तुटणारी जोडणीच नाही. कायमच्या चुंबकामुळे दोन्ही ध्रुवांची ओढ सारखी असते. गुंडाळीतून प्रवाह एका दिशेने गेला की एका बाजूची ओढ वाढते आणि दुसरीची घटते, हातोडी तिकडे झुकते. अर्ध्या आवर्तनानंतर प्रवाह उलटतो, हातोडी पलीकडे जाते. म्हणजे 25 हर्ट्झच्या रिंगवर सेकंदाला 50 टोले. झिजण्यासारखं जवळपास काही नाही. साठ-सत्तर वर्षांचे फोन आजही वाजतात ते या साधेपणामुळे.

आता गुंडाळीकडून निघालेली एक तार बोटाने धरून मागे मागे जा. ती एका लांबट डबीत किंवा नळकांडीत शिरेल. हा कपॅसिटर, आणि माझ्या मते सगळ्या फोनमधला सर्वांत मोलाचा भाग. घंटी लाइनला कायम जोडलेली असते, रिसीव्हर खाली असतानाही, नाहीतर ती वाजणारच कशी? पण ती गुंडाळी नुसतीच दोन तारांच्या मध्ये असती, तर 48 व्होल्टची डीसी तिच्यातून सतत वाहिली असती आणि एक्स्चेंजला वाटलं असतं की इथे रिसीव्हर उचललेला आहे. कपॅसिटर डीसीला वाट देत नाही आणि एसीला देतो. 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 25 हर्ट्झला सुमारे 6,400 ओहम अडवणूक करतो, म्हणजे घंटीपुरती वीज आरामात जाते. डीसीसाठी मात्र तिथे तार तुटल्यासारखंच असतं. मग मनात येईल की बोलण्याचा आवाजही एसीच आहे, तो या वाटेने गळून जात नाही का? नाही, कारण आवाजाची कंपनं कितीतरी जलद असतात आणि घंटीच्या गुंडाळीत भरपूर वेढे असल्यामुळे ती जलद कंपनांना जाऊ देत नाही. एकीकडून कपॅसिटरचा पहारा, दुसरीकडून गुंडाळीचा. मधल्या फटीतून फक्त रिंग आत येते.

एका वेगळ्या रचनेकडे लक्ष वेधतो, कारण तिने बऱ्याच जणांचे दिवस खाल्ले आहेत. ब्रिटिश पद्धतीच्या प्लगच्या व्यवस्थेत हा कपॅसिटर फोनमध्ये नसून भिंतीवरच्या पहिल्या सॉकेटमध्ये असतो, 1.8 मायक्रोफॅरडचा, आणि तिथून घंटीसाठी एक तिसरी तार फोनकडे येते. असा फोन नुसत्या दोन तारांवर जोडला की बोलणं, डायल, सगळं चालतं, फक्त घंटी मुकी राहते. फोनमध्ये दोष शोधत बसू नका. कपॅसिटर असलेलं सॉकेट किंवा अॅडॉप्टर मध्ये घाला.

पाचवी पायरी: उचलल्यावर रिंग कशी थांबते

फोन वाजत असताना तारेवर दोन गोष्टी एकत्र असतात: खाली 48 व्होल्टची डीसी, तिच्यावर स्वार झालेली रिंगची एसी. तुम्ही रिसीव्हर उचलता, खटका जुळतो आणि डीसीला वाट मिळते. एक्स्चेंजमधलं यंत्र प्रवाहाची सरासरी पाहत असतं. एसीची सरासरी शून्य येते, कारण ती जितकी पुढे जाते तितकीच मागे येते. सरासरी शून्यावरून सरकली की याचा अर्थ एकच: कोणीतरी उचललं. एक पंचमांश सेकंदाच्या आसपास रिंग तोडली जाते आणि दोन्ही टोकांचं बोलणं जोडलं जातं. इंग्रजीत याला रिंग ट्रिप म्हणतात. लाइनमनच्या तोंडी हाच शब्द ऐकू येईल. मला ही सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. शंभर व्होल्टच्या गोंगाटात एक्स्चेंज काही मिलिअँपिअरची कुजबुज ओळखतं.

या भागाचा दुसरा अर्थ व्यवहारात कामाचा आहे. एक्स्चेंजला फक्त ‘उचललं’ कळतं. घंटी वाजली की नाही ते कळत नाही. तुमच्या टोकाला फोनच जोडलेला नसला तरी एक्स्चेंज रिंग पाठवत राहतं.

रिंग जाते ती कुठे जाते?

फोन लावणाऱ्याला ऐकू येणारी ‘ट्रिंग ट्रिंग’ तुमच्या घंटीचा आवाज नाहीच. तो एक्स्चेंजने त्याच्या कानात घातलेला सूर आहे, फोन लागल्याचं सांगण्यासाठी. अमेरिकेत तो 440 आणि 480 हर्ट्झच्या मिश्रणाचा, ब्रिटनमध्ये 400 आणि 450 हर्ट्झचा, युरोपात बऱ्याच देशांत 425 हर्ट्झचा एकच सूर. तो आणि खरी घंटी एका ठेक्यात वाजतीलच असं नाही. म्हणूनच कधीकधी एकही रिंग न ऐकता समोरून ‘हॅलो’ येतं. तिकडे घंटी वाजून गेलेली असते, इकडे सुराचा शांत भाग चालू असतो.

ठेकाही देशागणिक बदलतो. अमेरिकेत 2 सेकंद वाजते, 4 सेकंद थांबते. ब्रिटनमध्ये आणि भारतात 0.4 सेकंद, मध्ये 0.2 सेकंदाचा खंड, पुन्हा 0.4 आणि मग 2 सेकंद शांतता. हा तो ओळखीचा जोडठेका. जोडठेक्यातला मधला छोटा खंडही वाजण्यात धरला, तर दोन्हीत वाजण्याचा वाटा एक तृतीयांश निघतो. जुन्या एक्स्चेंजमध्ये रिंग देणारं जनित्र सगळ्यांसाठी एकच असायचं. ग्राहकांचे तीन गट करून एकाची शांतता असताना दुसऱ्याला रिंग दिली की त्याच्यावरचा भार सारखा राहायचा. आपण ज्याला घंटीची लय समजतो तिच्यात यंत्राची सोयही आहे.

नंबर दाखवणारा फोन असेल तर ही शांतता आणखी एका कामाची. काही देशांत पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधल्या जागेत सेकंदाला 1200 बिट या वेगाने फोन करणाऱ्याचा नंबर पाठवला जातो. तिथे पहिल्याच रिंगला रिसीव्हर उचलला की नंबर दिसत नाही. इतर काही ठिकाणी नंबर पहिल्या रिंगच्या आधीच येतो.

सहावी पायरी: किती घंट्या जोडता येतील?

एकाच लाइनवर चार खोल्यांत चार फोन लावायचे असतील, तर सगळ्या घंट्या त्याच रिंगवर पोसल्या जातात. यासाठी आरईएन (रिंगर इक्विव्हॅलन्स नंबर) नावाचं माप आहे. जुन्या पद्धतीची एक धातूची घंटी म्हणजे साधारण 1 आरईएन, रिंगच्या एसीसाठी ढोबळमानाने 7,000 ओहमचा भार. फोनच्या तळाच्या लेबलवर हा आकडा छापलेला असतो. सगळ्या फोनचे आकडे बेरीज करा. अमेरिकेत एका लाइनला 5 पर्यंत, ब्रिटनमध्ये 4 पर्यंत मर्यादा धरली जाते. इलेक्ट्रॉनिक बझरचे फोन फार कमी घेतात, बऱ्याचदा अर्ध्याहूनही कमी, त्यामुळे ते चार-पाच लावले तरी काही बिघडत नाही. धातूच्या घंटीचे तीन जुने फोन मात्र लाइनची परीक्षा पाहतात.

लाइन आता इंटरनेटच्या डब्यातून येत असेल

तांब्याची जोडी थेट एक्स्चेंजपर्यंत जाण्याचे दिवस बऱ्याच ठिकाणी संपले. फायबरच्या डब्यात किंवा इंटरनेट-फोनच्या अॅडॉप्टरमध्ये एक फोनचं सॉकेट असतं आणि तो इवलासा डबाच आता तुमचं एक्स्चेंज झालेला असतो. त्याला 12 व्होल्टचा अॅडॉप्टर वीज देतो आणि तेवढ्यातून त्याला 48 व्होल्ट डीसी आणि रिंगची एसी तयार करावी लागते. काही डबे त्यात काटकसर करतात. डीसी कमी देतात, रिंग 50-60 व्होल्टच्या आसपास ठेवतात, आणि लाट गोलाईदार नसून चपट्या डोक्याची असते. इलेक्ट्रॉनिक फोनला याचा फरक पडत नाही. जुन्या घंटीला पडतो.

डब्याच्या सेटिंगमध्ये शिरता येत असेल तर तीन गोष्टी शोधा: रिंगची वारंवारता, रिंगचं व्होल्टेज आणि लाटेचा आकार. वारंवारता फोन ज्या देशात बनला तिथली ठेवा, व्होल्टेज सर्वांत वरचं, आकार साइन, म्हणजे गोलाईदार. यातली एकच गोष्ट बदला आणि ऐका, मग दुसरी. तिन्ही एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. आणि डबा विजेवर चालतो. वीज गेली की फोनही जातो, बॅकअप जोडलेला नसेल तर.

जुनी तांब्याची लाइन आणि तिच्यावरच डीएसएल इंटरनेट असेल तर प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवा. नाहीतर फोन वाजला की इंटरनेट तुटतं.

सातवी पायरी: घंटी वाजत नाही, आता काय?

माझ्या हातात आलेला पहिला डायलचा फोन असाच होता. डायल टोन स्वच्छ, आवाज खणखणीत, घंटी मात्र अगदी कान लावला तर ऐकू येईल एवढी कुरकुरायची. मी दोन संध्याकाळी वाट्या पुसण्यात, हातोडीची दांडी वाकवण्यात, गुंडाळी तपासण्यात घालवल्या. दोष कपॅसिटरचा होता. त्याच्या एका टोकातून मेणासारखं काहीतरी झिरपून सुकलं होतं आणि मीटरवर तो लिहिलेल्या किमतीच्या दहाव्या भागाएवढाही भरत नव्हता. नवा कपॅसिटर घातला आणि पहिल्याच रिंगला टेबल थरथरलं. तेव्हापासून मी सुरुवात नेहमी तिथून करतो.

बोलणं नीट, घंटी मुकी असेल तर प्रथम घंटीचा आवाज कमी करण्याचं चाक किंवा बटण पाहा. मग दुसरा फोन लावून पाहा किंवा वर सांगितलेला नियॉन दिवा लावा. रिंग येत असेल तर दोष तुमच्या फोनमध्ये आहे. फोन सोडवून गुंडाळीचा रोध मोजा. जुन्या घंट्यांत तो साधारण 1,000 ते 4,000 ओहम निघतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर गुंडाळी तुटली. रोध ठीक असेल तर कपॅसिटर. बदलताना किंमत तीच ठेवा, प्रकार फिल्मचा, ध्रुव नसलेला आणि निदान 250 व्होल्टचा घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाही. एसी त्याला लवकर मारते.

कपॅसिटर उलट्या प्रकारेही बिघडतो. तो आतून जोडला गेला, म्हणजे शॉर्ट झाला, तर डीसीला घंटीतून वाट मिळते आणि लाइन कायम उचलल्यासारखी राहते. फोन करणाऱ्याला सतत एंगेज लागतं. घरातले सगळे फोन एकेक करून काढत जा. ज्या फोनच्या काढण्याने लाइनचं व्होल्टेज पुन्हा 48 वर उसळेल, तो दोषी.

एकदा ‘टिंग’ होऊन रिंग बंद पडते आणि उचलण्याआधीच फोन लागल्यासारखा होतो, हा ओलाव्याचा आजार. कुठल्यातरी जोडणीत पाणी शिरलेलं असतं, त्यातून थोडी डीसी गळते, आणि रिंगच्या वाढीव व्होल्टेजखाली ती गळती इतकी वाढते की एक्स्चेंजला वाटतं कोणी उचललं. सगळे फोन काढून नुसती लाइन मोजा. शांत लाइनचं व्होल्टेज नेहमीपेक्षा बरंच कमी दिसलं तर दोष बाहेरचा, तो लाइनमनने पाहायचा. पावसाच्या दिवसांत ही तक्रार आली आणि उन्हात गेली, तर ते त्याला जरूर सांगा. शोध निम्मा होतो.

याच्या उलट, उचलल्यावरही कानात रिंगचा घोगरा आवाज येत राहिला, तर डीसी पुरेशी वाहत नाही. रिसीव्हरच्या खालचा खटका काजळलेला असेल. कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्याच्या दोन टोकांच्या मधून ओढून काढा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. सँडपेपर लावू नका, टोकांवरचा पातळ मुलामा निघून जातो.

घंटी वाजते पण दबकी वाजते, तर आधी आरईएनची बेरीज करा आणि एक-दोन फोन काढून ऐका. फरक पडला नाही तर वाट्या पाहा. बऱ्याच फोनमध्ये वाटीचं भोक मुद्दाम मध्यापासून किंचित सरकवलेलं असतं. मधला स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की हातोडीपासूनचं अंतर बदलतं. हातोडी वाटीला टेकून राहिली तर आवाज खट्ट होऊन मरतो. फार लांब राहिली तर पोचतच नाही. विश्रांतीच्या वेळी दोन्हीकडे एक पातळ फट दिसली पाहिजे. फिरवा, स्क्रू आवळा, मोबाइलवरून फोन लावा, ऐका. चार-पाच खेपा लागतात.

शेवटची एक बारीक तक्रार. शेजारच्या खोलीतल्या डायलच्या फोनवरून नंबर फिरवला की या फोनची घंटी हलकेच ‘टिंग टिंग टिंग’ करते. डायल फिरताना लाइनची डीसी तुटत-जुळत असते आणि ते हिसके कपॅसिटरमधून घंटीपर्यंत पोचतात. ते अडवण्यासाठी हातोडीच्या मुळाशी एक नाजूक स्प्रिंग असते, जी तिला एका बाजूला हलकं दाबून धरते. बऱ्याच घंट्यांत तिला दोन खाचा असतात. सैल खाचेतून घट्ट खाचेत सरकवा. तरी टिंगटिंग थांबली नाही तर घंटीच्या दोन तारांची अदलाबदल करा. हिसका मग हातोडीला तिच्या विश्रांतीच्याच बाजूला ढकलतो, आणि तिकडे ती आधीच झुकलेली असते.